वाळूखालचे पाणी

विश्वेश्वरय्या म्हटले की डोळ्यांपुढे कृष्णराजसागर उभे राहते. त्या धरणाविषयी आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला सांगायचे आहे ते त्यांच्या मुंबई इलाख्यातील नोकरीबद्दल.

जन्म १८६१ चा, मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर वारले. शिकवण्या करून ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास इंजिनिअर झाले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले.

पुढे त्यांची बदली सिंधमध्ये सक्करला झाली. गाव सिंधू नदीच्या काठावर, पण पाऊस नावापुरता आणि नदीचे पाणी गाळाने गढूळ. धरण उशाला, कोरड घशाला, अशी गत! पाणी टेकडीवर चढवून तेथे गाळावे व नळाने गावात सोडावे, अशी योजना होती. पण गाळणकुंडे बांधण्याइतका पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपणारे पाणी आपोआप गाळून तीत उतरू लागले. तेथून भुयाराने ते पंपघरापर्यंत आणले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. गाळणकुंडांचा खर्चच हिशेबातून काढून टाकणारी ही युक्ती मला त्या प्रचंड धरणाहूनही मोठी वाटते. १८९५ मध्ये गावाला नळाचे पाणी मिळाले.

त्याहून कठीण ठिकाण एडन. अरबस्तानच्या टोकावरचे हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्याच कारभारात होते. १९०६ साली त्यांना तिकडे पाठविले. सगळीकडे उघडेबोडके खडक, डोंगरातली जुनी टाकी पावसाची वाट पाहत. म्हणून समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचे. म्हणजे घागरीघागरीला कोळसा जाळायचा! पाण्याबरोबर सांडपाण्याचाही प्रश्न त्यांच्याकडे सोपविला होता, आणि मला तर हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. पिण्याचीच भ्रांत असेल तेथे मोरी धुवायला पाणी कुठले? आणि गटार नसेल, तर आणलेले पाणी दारातच साचून रोगराईला आमंत्रण देणार. उत्तरेला लाहेजच्या बाजूला डोंगरात पडणारा पाऊस नदीच्या वाळूखाली मुरतो, हे त्यांनी हेरले. त्या पात्रात विहिरी घेऊन पाणी पंपाने एडनला आणावे, असा अहवाल त्यांनी दिला. सक्करचीच विद्या वाळवंटात उपयोगी पडली.

पुढे मुंबईची नोकरी सोडल्यावर, १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजाम सरकारने त्यांना हैदराबादला बोलावले. पूर अडविण्याच्या योजनेसाठी गेलेल्या या माणसाने शहराच्या गटारांची योजनाही आखून दिली. म्हैसूरची दिवाणगिरी त्यानंतरची.