दुधाला पर्याय शोधताना गांधीजी

महात्मा गांधींनी आहारावर जन्मभर प्रयोग केले. त्यात सर्वांत जास्त काळ त्यांना छळले ते दुधाच्या प्रश्नाने. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये गुजरातेत आमांशाने ते अंथरुणाला खिळले आणि अशक्तपणा हटेना. मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचे दूध का नको, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले आणि तब्येत सुधारली. पण व्रताचा शब्द पाळून अर्थ मोडल्याची खंत त्यांना कायम राहिली.

त्यामुळे वनस्पतीजन्य पर्यायाचा शोध चालूच राहिला. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन जेवणात आणले आणि त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. तेव्हा आपल्याकडे फारसे परिचित नसलेले हे पीक आज विदर्भ-मराठवाड्यात सर्वत्र दिसते.

सोयाबीनमध्ये भरपूर प्रथिने असतात आणि लेसिथिनही असते. लेसिथिनमधून मिळणारे कोलीन पेशींची आवरणे, मज्जातंतूंचे संदेश आणि यकृतातून चरबी बाहेर नेण्याचे काम यांसाठी लागते. अंड्याचा पिवळा बलक हा त्याचा उत्तम स्रोत. एका अंड्यातून सुमारे १५० मिलिग्रॅम कोलीन मिळते. दूध, शेंगदाणे आणि डाळींतूनही ते थोडेफार मिळते.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. निव्वळ वनस्पतीजन्य आहार पुरत नाही, हा स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला अनुभव त्यांनी त्यात मान्य केला. जो दूध घेतो त्याने निर्जीव अंड्याला हरकत घेऊ नये, असेही मांडले. स्वतः मात्र ते अखेरपर्यंत शेळीचे दूधच घेत राहिले.

आज बी-१२च्या गोळ्या आणि विविध पदार्थ मिळत असल्याने शुद्ध शाकाहारही नीट आखता येतो. पण आमच्या ओपीडीत लोक लेसिथिनच्या महागड्या कॅप्सूलविषयी विचारतात. त्यांनी स्मरणशक्ती वाढते किंवा कोलेस्टेरॉल उतरते, याला ठोस पुरावा नाही. तेच पैसे अंडी, दूध, डाळी किंवा सोयाबीनवर खर्च करावेत. सोयाबीन नीट शिजवूनच खावे, कच्चे असेल तर त्यातील प्रथिने पचत नाहीत. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. आणि गांधीजींप्रमाणे आवडत्या मतापेक्षा शरीराच्या अनुभवाला मान द्यावा.