नागनिका : नाणेघाटात हिशेब कोरून ठेवणारी राणी

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात एक लेणं आहे. पावसाळ्यात ट्रेकर त्यात आडोशाला बसतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एका राणीच्या दानांची यादी कोरलेली आहे. ती राणी म्हणजे सातवाहनांची नागनिका. भारतातले आकडे सुरुवातीला कसे लिहीत, हे कळण्यासाठी या यादीचा मोठा उपयोग झाला.

राणी कोण होती?

नागनिका महारठी घराण्यातली. तिचं लग्न सातवाहन राजा पहिला सातकर्णी याच्याशी झालं. काळ साधारण इ. स. पूर्व पहिलं शतक. दोघांचीही नावं असलेलं चांदीचं नाणं सापडलं आहे, यावरून तिचा मान लक्षात येतो. पती वारल्यावर मुलं लहान होती, म्हणून कारभार तिनं पाहिला असं इतिहासकार मानतात. महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी असं तिचं वर्णन लेखात येतं.

अशा वेळी तिनं जागा निवडली ती व्यापाऱ्यांच्या वाटेवरची. घराण्याचे पुतळे कोरवले, त्यांच्यावर नावं घातली आणि अश्वमेधासारख्या यज्ञांत काय काय दिलं, ते आकड्यांसकट लिहून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला घराण्याची ताकद दिसावी, हाच हेतू असावा. १,७०० गायी, २४,४०० कार्षापण, आणखी एका ठिकाणी ६,००१ कार्षापण. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं.

शून्याशिवाय ६,००१

हे आकडे आपल्यासारखे लिहिलेले नाहीत. तेव्हा शून्याचं चिन्ह नव्हतं आणि जागेवरून किंमतही ठरत नव्हती. हजाराच्या चिन्हाला सहाचं चिन्ह जोडलं की ६,०००. पुढे एक आडवी रेघ काढली की १. झाले ६,००१, दोन चिन्हांत! २४,४०० ला तीन चिन्हं लागतात: २०,०००, ४,००० आणि ४००. मोजणी दहाच्याच पटीत, पण लिहिण्याची रीत बेरजेची.

१९व्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी या चिन्हांचा अभ्यास करून त्यांच्या किमती लावल्या. चिन्हं तर भिंतीवर होतीच, ती वाचायची कशी हा नियम हरवला होता.

तोच आकडा टर्मिनलमध्ये

संख्या एकच, लिहिण्याच्या रीती अनेक. हे घरच्या घरी करून बघता येतं. मॅक किंवा लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘बीसी’ नावाचा छोटा कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा असतो. तो उघडा. उत्तर कोणत्या पायात हवं ते ‘ओबेस’ ठरवतो (टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं: ओ, बी, ए, एस, ई). त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि १६ लिहून एंटर दाबा. मग ६००१ टाइप करा. आकडेही इंग्रजीच हवेत.

उत्तर येईल १७७१. पडताळून पाहू: १ × ४०९६, ७ × २५६, ७ × १६ आणि १ × १. बेरीज ६००१. ‘ओबेस’ला २ दिलेत तर तीच संख्या १०१११०१११०००१ अशी दिसेल.

आता गंमत बघा. नुसतं १७७१ कुठे लिहिलेलं सापडलं, तर कोणीही ते सतराशे एकाहत्तर असंच वाचेल. म्हणून पाया सोबत नोंदवायचा.

उलटं जायचं असेल तर बीसी नव्याने उघडा आणि ‘आयबेस’ला (आय, बी, ए, एस, ई) १६ द्या. आता १७७१ लिहिलं की ६००१ मिळतं. दोन्ही वापरायचे असतील तर ओबेस आधी, आयबेस नंतर. कारण आयबेस १६ झाला की पुढे टाइप केलेला १० सुद्धा सोळा म्हणून वाचला जातो. बरेच जण इथेच अडकतात.

नाणेघाटातले पुतळे आता उरले नाहीत, फक्त पायांच्या खुणा दिसतात. लेखातलीही बरीच अक्षरं झिजली आहेत. पण राणीच्या दक्षिणेचा आकडा अजून वाचता येतो. तो २४४०० सोळाच्या पायात स्वतः करून बघा. उत्तर ५एफ५० आलं तर तुमचं बरोबर आहे.