गवताला बागेत मान देणारा माळी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या वहिनींनी रोपवाटिकेतून शोभेच्या गवताच्या दोन कुंड्या आणल्या. जांभळट पाने, वर मांजराच्या शेपटीसारखे केसाळ तुरे. घरापुढच्या पट्ट्यात हे गवत लावायचे, म्हणजे हिरवळ कापत बसायची कटकट संपली, असा त्यांचा बेत. माझे मत त्यांनी शेजारधर्म म्हणून विचारले असावे. मी मात्र ते फारच मनावर घेतले. दूर्वांची जुडी सोडली, तर आपण गवताला हात लावतो तो गुरांना घालायला, नाहीतर उपटायला. तेच गवत गुलाबाच्या बरोबरीने, मुद्दाम निवडून बागेत लावायचे, हे ज्याने युरोपला पटवले त्या कार्ल फॉर्स्टरची मला त्या कुंड्या पाहून आठवण झाली.

फॉर्स्टरचा जन्म ९ मार्च १८७४ चा, बर्लिनचा. वडील विल्हेल्म फॉर्स्टर हे नामांकित खगोलशास्त्रज्ञ आणि बर्लिनच्या वेधशाळेचे संचालक. घरात विद्वानांची सतत ये-जा. अशा घरातला मुलगा माळीकाम शिकायला निघाला. श्वेरीनच्या राजवाड्याच्या बागेत त्याने उमेदवारी केली आणि पुढे पॉट्सडॅमजवळच्या सरकारी उद्यानशाळेत शिक्षण घेतले. १९०३ साली आईवडिलांच्या घरच्या जागेतच त्याने छोटी रोपवाटिका काढली.

त्या काळी रोपवाटिकेची किंमत यादीच्या लांबीवर ठरे. शेकडो नावे, पण त्यातली किती रोपे हिवाळा काढतील याचा भरवसा नाही. फॉर्स्टरने उलट केले. यादीला कात्री लावली. रोप सुंदर हवे, रोगराईला आणि थंडीला पुरून उरणारे हवे आणि वर्षानुवर्षे टिकणारे हवे, या तीन कसोट्यांना जे उतरेल तेवढेच ठेवायचे. मी बँकेत आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, म्हणून मला ही पद्धत ओळखीची वाटते. समोरचा किती गोड बोलतो यापेक्षा मागच्या पाच वर्षांत तो कसा वागला, हे आम्ही पाहायचो. फॉर्स्टर रोपांचे तेच पाहत होता.

१९१० च्या सुमारास त्याने पॉट्सडॅमशेजारच्या बोर्निम गावी शेतजमीन घेतली. घर बांधले आणि घरापुढे जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत जाणारी बाग केली. मधोमध पाण्याचे कुंड. पुढची साठ वर्षे हीच त्याची प्रयोगशाळा. डेल्फिनियम आणि फ्लॉक्स या फुलझाडांचे कितीतरी नवे वाण त्याने इथे तयार केले. १९२७ साली त्याने एव्हा हिल्डेब्रांट या गायिकेशी लग्न केले आणि त्या घरात गाण्याच्या मैफलीही झडू लागल्या.

आपण वर्षाचे सहा ऋतू मानतो. युरोपात ते चार. फॉर्स्टरने बागेपुरते सात केले. हिवाळा संपता संपता येणारा पूर्ववसंत त्याने वेगळा काढला, उन्हाळ्याचे दोन भाग केले, शरदाचेही दोन. त्याचा आग्रह असा की, या सातांपैकी एकाही ऋतूत बाग ओकीबोकी दिसता कामा नये. त्यात अडचण होती ती शेवटच्या दोन ऋतूंची. फुले केव्हाच गळालेली, जमिनीवर काळपट बुडखे. अशा वेळी एकच वनस्पती ताठ उभी राहते, ती म्हणजे गवत. वाळून सोनेरी झालेल्या काड्या वाऱ्यावर डुलतात, पहाटेचे हिम त्यांच्या तुऱ्यांवर साचते आणि उन्हाची तिरीप आली की सगळे चमकू लागते. इतरांनी जे वाळलेले म्हणून कापून टाकले, ते फॉर्स्टरने राखले. हिवाळाभर पाहायचे आणि नवे कोंब फुटण्याआधी छाटायचे, हा नियम त्याने घालून दिला. आज जगभरचे माळी तो पाळतात.

त्याच्या आयुष्यातला अवघड काळ १९३३ नंतर आला. त्याचा थोरला भाऊ फ्रीड्रिख विल्हेल्म हा युद्धविरोधी विचारवंत. नाझींनी त्याची पुस्तके जाळली आणि ऑगस्ट १९३३ मध्ये ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले त्या पहिल्याच यादीत त्याचे नाव घातले. वडिलांनीही १९१४ साली आइनस्टाइनबरोबर युद्धाविरुद्धच्या एका पत्रकावर सही केलेली. अशा घराण्याचा माणूस राज्यकर्त्यांच्या नजरेत भरणारच. त्यातच त्या काळी बागेतही वंशशुद्धीचे वारे शिरले होते. जर्मन मातीत जर्मन झाडेच हवीत, असा काही उद्यानतज्ज्ञांचा हट्ट सुरू झाला. १९४२ साली तर काही वनस्पतीशास्त्रज्ञांनी मध्य आशियातून आलेल्या, तेरड्याच्या कुळातल्या एका इवल्याशा रोपाचा समूळ नायनाट करा अशी मागणी केली आणि त्याची तुलना थेट बोल्शेविकांशी केली. देशी हा चांगला शब्द माणसांच्या द्वेषाला कसा जुंपता येतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

फॉर्स्टर काही रस्त्यावर उतरलेला बंडखोर नव्हता. त्या राजवटीत राहून त्याने रोपवाटिका चालवली. पण केवळ शुद्ध जर्मन रोपेच लावण्याच्या दडपणापुढे तो नमला नाही आणि ज्यू मित्रांना त्याने रोपवाटिकेत काम दिले, हे त्याच्या नावावर जमा आहे. अमेरिकेतून आलेले फ्लॉक्स आणि आशियातून आलेली गवते त्याच्या वाफ्यात युरोपीय रोपांशेजारी नांदत होती. रोपाचा जन्म कुठला, यापेक्षा ते शेजाऱ्याशी कसे वागते, ही त्याची कसोटी त्या दिवसांत केवळ बागकामापुरती राहिली नव्हती.

युद्ध संपले आणि बोर्निम रशियनांच्या ताब्यातल्या भागात गेले. पुढे तो पूर्व जर्मनी झाला. फॉर्स्टर तिथेच राहिला. १९५७ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याचे गवतांवरचे आणि नेचांवरचे पुस्तक निघाले. गवतांचा आणि नेचांचा बागेत प्रवेश, असा त्याच्या नावाचा अर्थ. पश्चिम जर्मनीत त्याचा शिष्य एर्न्स्ट पागेल्स याने गवतांचे काम पुढे नेले आणि त्याच्याकडून ते पीट ऑडॉल्फसारख्या डच उद्यानकारापर्यंत पोचले. १९५९ साली पॉट्सडॅम शहराने फॉर्स्टरला मानद नागरिकत्व दिले. २७ नोव्हेंबर १९७० रोजी, शहाण्णव वर्षांचा होऊन तो गेला. त्याची बाग आजही जपलेली आहे.

त्याचे नाव मात्र एका गवताने घरोघरी नेले. युरोपातल्याच दोन रानगवतांचा हा आपोआप झालेला संकर. हॅम्बर्गच्या वनस्पती उद्यानात फॉर्स्टरने तो हेरला, असे सांगतात. यातली गंमत आईबापांत आहे. एक गवत गुणी, झुबक्यात राहणारे. दुसरे जमिनीखालून मुळ्यांसारखे धुमारे सोडत शेत गिळणारे. पोराने मात्र पहिल्याचा स्वभाव उचलला. ते जागचे हलत नाही आणि संकर असल्याने त्याचे बी रुजत नाही. पुरुषभर उंच, सरळसोट, उन्हाळ्यात गुलाबी झाक असलेले तुरे, पुढे गव्हाळ. २००१ साली अमेरिकेतल्या बहुवर्षायू रोपांच्या संघटनेने त्याला वर्षातले उत्तम रोप म्हणून निवडले.

पण फॉर्स्टरच्या तीन कसोट्यांना आज चौथी जोडावी लागते. त्याने आवडीने लावलेले आशियाई मिस्कँथस अमेरिकेच्या पूर्व भागात बागेतून निसटून माळरानावर पसरले आहे. तेव्हा रोप माझ्या कुंपणाबाहेर काय करील, हेही विचारायला हवे. वहिनींच्या कुंड्यांतल्या जांभळ्या वाणाला बहुधा रुजणारे बी धरत नाही, पण त्याचे हिरवे मूळ गवत आफ्रिकेकडचे. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात ते मोकाट सुटले आहे आणि वाळले की वणव्याला इंधन पुरवते.

मग देशी गवत लावले की झाले का? तेवढ्यानेही भागत नाही. कास आपलाच, शरदात नदीकाठी त्याचे पांढरे तुरे पाहावेत. पण तो जमिनीखालून पळतो, घरच्या वाफ्यात त्याला आवरणे कठीण. कुसळी गवतही आपलेच. मात्र त्याची टोकदार कुसळे मुलांच्या कपड्यांत आणि कुत्र्याच्या अंगात रुततात. वाळा मात्र फॉर्स्टरलाही पसंत पडला असता. तो झुबक्यात वाढतो, मुळे आडवी न पसरता दोन-तीन मीटर खोल जातात आणि माती धरून ठेवतात. दक्षिणेकडच्या लागवडीच्या वाणाचे बी सहसा रुजत नाही, म्हणून रोपे ठोंब फोडूनच करायची. शिवाय माठात घालायला सुगंधी मुळ्या मिळतात, हा आपला फायदा. विकत घेताना एवढेच विचारायचे: हे झुबक्याने वाढते की धावते, आणि याचे बी रुजते का?

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. जांभळे गवत कुंडीतच राहिले आणि पट्ट्यात वाळ्याचे सात ठोंब लागले. दिवाळीपर्यंत ते गुडघ्याच्या वर आले होते. माघात पाने टोकाला पिवळी पडली तेव्हा त्यांनी कात्री घेतली. मी कुंपणापलीकडून म्हटले, वहिनी, जरा थांबा, अजून थोडे दिवस बघून घेऊ या.