विक्रोळीच्या लिलियनबाई

आम्ही राहतो ते ईडन प्रेरी हे गाव मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिस शहराच्या नैऋत्येस आहे. नावात एदेन असले तरी हिवाळा लांबलचक. मुलांकडे राहावयास आलेले आमचे आईवडील खिडकीशी बसून बर्फ पाहतात आणि या वयात, या परक्या मुलखात आपला काय उपयोग, असे म्हणतात. त्यांच्याकरिता आज आम्ही एका बाईंची हकीकत देत आहोत. त्या उलट दिशेने, अमेरिकेहून आपल्या विक्रोळीस गेल्या होत्या आणि तेव्हा त्यांचे वय ६८ होते.

लिलियन गॉर्डी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी जॉर्जिया राज्यातील रिचलंड येथे झाला. त्या शिकून परिचारिका झाल्या. १९२३ साली जेम्स अर्ल कार्टर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि प्लेन्स या लहान गावी त्यांना चार मुले झाली. गोऱ्या-काळ्यांचा भेद तेथे फार कडक होता. तरी त्या काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. १९५३ साली पती वारले. मुले आपापल्या संसाराला लागली.

पीस कोअर ही परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी स्थापिली. त्याआधीच तिच्यासाठी विधेयक मांडणारे सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री आमच्या मिनेसोटाचेच. १९६६ साली लिलियनबाईंनी तेथे अर्ज केला. तीन महिन्यांच्या शिक्षणानंतर त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली.

विक्रोळीस गोदरेज कारखान्याच्या वसाहतीत त्यांनी बिऱ्हाड मांडले. उकाडा, परकी भाषा, परके जेवण, आणि घरची माणसे सात समुद्रांपलीकडे. यातले काय काय सोसावे लागते हे आपणां स्थलांतरितांस कोणी सांगावयास नको. प्रथम त्यांना कुटुंबनियोजनाचे काम दिले, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. मग त्या वसाहतीच्या दवाखान्यात जाऊ लागल्या आणि जुनी विद्या कामी आली. महारोग झालेल्या मुलीस हात लावताना आरंभी त्यांनाही भीती वाटली. ती भीती त्यांनी हळूहळू जिंकली. माळी त्यांना भाजी देई आणि त्या त्याच्या मुलीस वाचावयास शिकवीत. असा देण्याघेण्याचा शेजारधर्म जमला, तेव्हा विक्रोळी त्यांचे घर झाले.

२१ महिन्यांनी, १९६८ साली, त्या अगदी वाळून मायदेशी परतल्या. पुढे त्यांचे थोरले चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीस अमेरिकेच्या वतीने त्या आल्या, तेव्हा विक्रोळीस जाण्यास विसरल्या नाहीत. डिसेंबर १९७८ मध्ये गोल्डा मेयर यांच्या अंत्यविधीसाठी येरुशलायमास गेलेल्या अमेरिकन शिष्टमंडळातही त्या होत्या. ३० ऑक्टोबर १९८३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८६ साली पीस कोअरने वडीलधाऱ्या स्वयंसेवकांसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. २००६ साली त्यांचे चिरंजीव लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरे बांधावयास स्वयंसेवक म्हणून आले, त्यांचे वय तेव्हा ८२ होते. आईचा वसा दुसरे काय?

लिलियनबाई परत जाण्यासाठी गेल्या होत्या. आपल्यातील बहुतेक येथे राहण्यासाठी आले, हा फरक आम्ही जाणतो. परंतु आपला पिता अब्राहाम यानेही ७५ व्या वर्षी देश सोडला आणि परक्या भूमीत तंबू ठोकला. त्या तंबूत पाहुण्यास पाणी व भाकरी मिळे. आमच्या आयांस शिवण येते, स्वयंपाक येतो. वडिलांपैकी कोणी शिक्षक होते, कोणी रेल्वेत हिशेब पाहत. शेजारच्या मुलास गणित शिकवावे, आजारी शेजारणीस गरम सूप नेऊन द्यावे. भाषा मोडकी असली तरी चालेल. बर्फ वितळण्याची वाट पाहू नये, एवढीच आमची विनंती.

शालोम.