महात्मा गांधी आणि विडीचे थोटूक

महात्मा गांधींचे पूर्ण नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातेत पोरबंदर येथे झाला. वडील दिवाण होते. आईचे नाव पुतळीबाई. ती फार उपास करायची.

गांधीजी लहानपणीसुद्धा थोर होते असे मला वाटायचे. पण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सगळे खरे लिहिले आहे. त्यांचे काका विडी ओढायचे. तोंडातून धूर निघतो याची मोहनला मोठी गंमत वाटायची. मग तो आणि त्याचा एक नातेवाईक मुलगा, दोघे काकांनी टाकलेली थोटके गुपचूप ओढू लागले. पण थोटके रोज मिळेनात. म्हणून त्यांनी नोकराच्या खिशातले पैसे चोरले व विड्या आणल्या. विडीपायी चोरी आली. पुढे दोघांनीही विडी सोडली, ती कायमचीच. मोठेपणी विडीच्या धुराने भरलेल्या डब्यात गांधीजींचा जीव गुदमरायचा.

१८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले व तेथे अन्यायाशी लढले. १९१५ साली भारतात परत आले. १९३० साली मिठासाठी दांडीला चालत गेले. ते एकटे नाही गेले, सोबत सत्तर-ऐंशी माणसे होती. वाटेत गावोगावचे लोक जमले. १९३६ पासून ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले. १९४२ साली सरकारने त्यांना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले. तेथे त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात तंबाखूवर वेगळा धडा आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

मला या गोष्टीतले थोटूक लक्षात राहिले. मोठी माणसे टाकतात, ते लहान मुले उचलतात. आमच्या घरी आजोबांची चंची आहे आणि आजी मिश्री लावते. पुष्कळ घरी मुलांनाच पुडी आणायला पिटाळतात. पण २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. मी आजोबांना म्हटले, तुमची पुडी तुम्हीच आणा. ते हसले, पण आता स्वतः जातात. चंची अजून सुटली नाही.

एकट्या मुलाने सांगून गाव ऐकत नाही. गुरुजी, दुकानदार, ग्रामपंचायत, आशाताई आणि आईवडील सगळ्यांनी मिळून ठरवले तर होईल. दांडीलाही सगळे मिळूनच गेले होते. पालकहो, आजपासून आम्हाला पुडी आणायला पाठवू नका.

गांधीजींना माझे शतशः प्रणाम!

— इयत्ता ४ थी