मॅन्सनची जाळीची झोपडी
हत्तीरोगाचे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन (१८४४-१९२२) यांनी १८७७मध्ये चीनमध्ये पाहिले. भारतात मलेरियाचा माग काढणाऱ्या रोनाल्ड रॉसचे तेच मार्गदर्शक. तरी मलेरिया दलदलीच्या दूषित हवेने होतो, हा समज जाईना. म्हणून १९००मध्ये त्यांनी रोमजवळच्या दलदलीत दारे-खिडक्यांना जाळ्या लावलेली लाकडी झोपडी उभारली. दोन डॉक्टर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिले. दिवसभर बाहेर हिंडायचे, डास चावण्याची वेळ म्हणून सूर्यास्ताआधी आत. हवा तीच, क्विनीन नाही. तरी शेजारपाजारचे तापाने फणफणले आणि हे ठणठणीत. उलट, रोमहून आणवलेले मलेरियाचे डास मॅन्सननी लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या स्वतःच्या मुलाला चावू दिले. (बापाचे काळीज कसे धजावले असेल!) त्याला ताप भरला. क्विनीनने तो उतरला, पण काही महिन्यांनी पुन्हा उलटला.