कॅराव्हॅनचा एसी गार करत नाहीये? गॅस भरण्याआधी विलिस कॅरिअरची गोष्ट वाचा

मे महिना, रत्नागिरीचा भाट्ये किनारा आणि जुनी कॅराव्हॅन. एसीचा आवाज येतोय, पण आतली माणसं घामाने चिंब. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो : गॅस संपला असेल, भरून घ्या.

जरा थांबा. ज्याने एसी बनवला, त्याने तो थंडाव्यासाठी बनवलाच नव्हता.

विलिस कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावचा. घरची शेती. पोराला काही केल्या अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदं कापून समोर मांडली. अर्धं, पाव, अष्टमांश. तो ११ वर्षांचा असताना आई गेली, पण मोठ्या प्रश्नाचे तुकडे करायची सवय लावून गेली.

१९०१ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर लागला. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं गाऱ्हाणं आलं. हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आकसायचा. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापतात. कागदच बदलला तर रंग एकमेकांवर बसणार कसे? कॅरिअरने गार नळ्यांवरून हवा फिरवली. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं हवेतलं पाणी नळ्यांवर जमलं आणि हवा कोरडी झाली. गारवा हा वरचा फायदा!

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनात धुकं बघताना त्याला वाटलं, पाण्याच्या फवाऱ्यानेच हवा कोरडी करता येईल. ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी पुरेसं गार असेल तर हवेतली जादा वाफ त्यातच उतरते. १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

आता परत भाट्याला येऊ. आपल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद पाणी काढण्यातच जाते. म्हणून आधी ड्रेन पाइप बघा. पाणी ठिबकत असेल तर आतली कॉइल गार होतेय, लगेच गॅसवर संशय नको. मग फिल्टर आणि खिडक्यांची रबरं. जुन्या गाडीत रबरं तडकतात आणि समुद्राची हवा आत येतच राहते. कॉइलवर बर्फ चढला असेल तर मात्र हवा कुठेतरी अडतेय किंवा गॅस खरंच कमी आहे.

दुसरा तुकडा विजेचा. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. होमस्टेच्या साध्या प्लगवरून लांबलचक बारीक वायर ओढली की व्होल्टेज वाटेतच पडतं, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि बंद होतो. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली टर्मिनल्स हा आणखी एक ताप. शिवाय काही गाड्यांत एसी २३० व्होल्टवर आणि त्याचा थर्मोस्टॅट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरी बसली की एसी गप्प, आणि आपण मेकॅनिकला उगाच टपावर चढवतो. कॅपॅसिटरला मात्र हात लावू नका. मेन बंद केल्यावरही तो शॉक देतो, ते काम वायरमनचं.

कॅरिअरचं पुढे काय झालं? महायुद्ध सुरू झाल्यावर कंपनीने त्याचं खातं गुंडाळायचं ठरवलं. १९१५ मध्ये सात इंजिनिअरांनी मिळून ३२,६०० डॉलरवर स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात लोक हातपंखे घेऊन आले आणि थोड्या वेळाने ते पंखे हलायचे थांबले.

आपल्याकडे १९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटिअर मेलला एसी डबा लागला. त्यात गारवा यायचा तो बर्फाच्या लाद्यांवरून फिरवलेल्या हवेतून. ७ ऑक्टोबर १९५० ला कॅरिअर गेला. अमेरिकेत घरोघरी खिडकीतले एसी बसू लागले, ते त्यानंतरच्या दशकात.